मधली सुट्टी मोठी करा

मुलांच्या तोंडची खेळगाणी ऐकू येईनाशी झाली की आपण लगेच मोबाइलवर खापर फोडतो. हे निदान अपुरं आहे. ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्यानं सुमारे सत्तर शाळांतल्या ५,००० मुलांकडून गाणी, यमकं आणि खेळांचे नियम गोळा केले आणि १९५९ साली त्यांचा ग्रंथ काढला. रेडिओ, सिनेमा आणि टीव्हीनं मुलांची परंपरा संपवली, अशी ओरड तेव्हा तिथंही होतीच. ओपींना दिसलं ते वेगळं. मुलं नटनट्यांची नावं आणि नव्या गाण्यांच्या चाली बिनदिक्कत उचलून जुन्या खेळांत बसवत होती. शिवाय ही गाणी आई-आजीकडून येत नव्हती. थोडी मोठी मुलं ती धाकट्यांना शाळेच्या अंगणात देत होती. छत्रपती संभाजीनगरात आज तुटते आहे ती हीच देवघेव, आणि ती तोडली आहे आपण मोठ्यांनी.

फुगडीचंच पाहा. हातांची अढी घालायची, पायांचे चवडे एकमेकींना भिडवायचे, अंग मागं झोकून द्यायचं आणि गाण्याच्या ठेक्यावर गरगरायचं. वेग वाढत जातो तसा श्वास तुटतो, पण गाणं तुटू द्यायचं नसतं. समोरची हात सोडणार नाही, एवढ्या भरवशावर हा सगळा खेळ उभा असतो. तो भरवसा व्हिडिओ पाहून येत नाही, त्यासाठी दोन वर्षांनी मोठी, हात घट्ट धरणारी मुलगी लागते. टाळ्यांच्या खेळांचंही तेच. स्वतःची टाळी, मग उजवा हात, डावा, दोन्ही, हा क्रम धाकटी पोरं आधी नुसती बाजूला उभी राहून टिपतात आणि एके दिवशी कुणीतरी त्यांना जोडीला घेतं. हे खेळ भाषेची कुंपणंही मानत नाहीत. मराठी मुलांचं ‘मामाचं पत्र’ तेच हिंदी-उर्दू मुलांचं ‘कोडा जमालशाही’, आणि गोल बसलेल्यांच्या पाठीमागं गुपचूप रुमाल टाकण्याचा खेळ जपानी मुलंही खेळतात. महापालिकेच्या मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा असलेल्या, वाळूजच्या कारखान्यांमुळे परप्रांतीय कुटुंबं सामावून घेतलेल्या या शहरात ही केवढी मोठी ठेव आहे!

पण ती हातोहात जायची कशी? अनेक शाळांत सुट्टी जेमतेम डबा संपेपर्यंत. ती इयत्तेप्रमाणे वेगवेगळी असली, तर दुसरीच्या मुलीला सहावीची मुलगी भेटतच नाही. मैदानात स्कूल बस उभ्या, सोसायटीच्या अंगणात मोटारी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान बंधनकारक केलं; त्या मैदानावर मुलांना मोकळं सोडायचं की नाही, हे मात्र वेळापत्रक ठरवतं. स्नेहसंमेलनातल्या नाचानं ही उणीव भरून निघत नाही. तिथं कोण कुठं उभं राहणार आणि कोणतं गाणं लागणार हे शिक्षक ठरवतात. खेळात भांडण झालं तर नियम मुलांनाच नव्यानं ठरवावा लागतो, आणि खरं शिक्षण तिथंच होतं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. हादगा-भोंडल्याच्या, फुगडीच्या गाण्यांत सासुरवास आहे, जाचक सासू आहे. आजच्या मुलींच्या तोंडी ते का घालायचं? घालूच नये. जुने शब्द पाठ करून घ्या, अशी मागणी इथं नाहीच. मुलं आपणहून शब्द बदलतात, नको ते गाळतात. त्यांना बदलायला वाव द्या, एवढंच. दुसरा आक्षेप अभ्यासाचा: खेळायला वेळ दिला तर तो बुडेल. पण खेळगाणी अभ्यासाचाच भाग होऊ शकतात. हंगेरीत झोल्तान कोडाय यांनी शालेय संगीतशिक्षणाची उभारणी लोकगीतं आणि मुलांच्या गायनखेळांवर केली. त्या देशाच्या लोकसंगीताच्या बृहत्संग्रहाचा १९५१ साली निघालेला पहिलाच खंड मुलांच्या खेळांचा आहे. आपल्याकडे गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पानं एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जपल्या. तशी दाद मुलांच्या खेळगाण्यांना मिळालेली नाही, कारण त्यांना आपण कधी गंभीरपणे घेतलंच नाही.

ज्या शहरात प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याचा अभ्यास रुजवला आणि २०२३ मध्ये त्यांच्या कामाला पद्मश्री मिळाली, तिथं हे काम अवघड नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी आणि उर्दू विभागांनी मिळून, पालकांच्या संमतीनं, शहरातल्या आणि बंजारा तांड्यांवरच्या मुलांची खेळगाणी ध्वनिमुद्रित करावीत. शाळांनी शनिवारी पहिली ते सातवीच्या मुलांना एकत्र अर्धा तास मैदान द्यावं. शिक्षकांनी लक्ष ठेवावं, शिट्टी मात्र खिशात राहू द्यावी. या अर्ध्या तासाला ना अनुदान लागतं, ना शासन निर्णय. येत्या जूनपासून मुख्याध्यापकांनी आपल्या वेळापत्रकात हा बदल करावा, आणि पालकांनी पहिल्याच सभेत तो मागून घ्यावा.