‘ग्लोबल हेल्थ’ शिकायला निघालेल्या मुलींच्या आयांसाठी

हल्ली ओळखीपाळखीत कुणाची ना कुणाची मुलगी ‘ग्लोबल हेल्थ’ शिकायला निघालेली असते. कुणी बी.डी.एस. झालेली, कुणी फिजिओथेरपी, कुणी बी.ए.एम.एस., तर कुणी माझ्यासारखी साधी बी.ए., समाजशास्त्र घेऊन. घरात लंडन, बाल्टिमोर अशी नावं सुरू असतात आणि आई भिशीला आल्यावर हळूच विचारते, ‘‘अगं, हे डॉक्टरकीचंच पुढचं शिक्षण ना? मग आल्यावर दवाखाना टाकता येईल?’’

नाही येणार. दवाखान्यासाठीचं हे शिक्षणच नाही. समोरच्या पेशंटला काय झालंय ते डॉक्टर बघतो. एका वस्तीतल्या निम्म्या बायकांना एकच दुखणं का, शेजारच्या वस्तीत ते का नाही आणि उपाय माहीत असूनही तो घरापर्यंत का पोचत नाही, हे या अभ्यासात बघतात. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्याचं अर्थशास्त्र, सरकारी यंत्रणा कशी चालते (किंवा कशी चालत नाही!) आणि शेवटी एक प्रबंध. ‘इंटरनॅशनल डेव्हलपमेंट’ जोडीला असेल तर गरीब देशांसाठीचा पैसा कुठून येतो, तो कुठे खर्च करायचा हे कोण ठरवतं, हेही आलं. इंग्लंडात साधारण एक वर्ष, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दोन.

माझं मत आधीच सांगून टाकते. पाठवावं. पण त्याआधी निदान सहा महिने तिला आपल्याच भागातल्या एखाद्या आशाताईबरोबर फिरू द्यावं.

असं का म्हणते ते सांगते. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही काम करतो त्या वस्तीत एका संस्थेच्या मुली टॅब घेऊन सर्व्हेला आल्या. चांगल्या शिकलेल्या, बोलायला गोड. प्रश्नावली मात्र इंग्रजीत बनलेली आणि तिचं शब्दाला शब्द मराठी केलेलं. चाळिशीच्या एका बाईंना प्रश्न आला, ‘‘गेल्या तीन महिन्यांत योनिमार्गातून असामान्य स्राव झाला का?’’ बाईंनी पदर सावरत ‘नाही’ म्हटलं. टॅबवर ‘नाही’ची खूण झाली. मुली पुढच्या घरी गेल्यावर शेजारीण म्हणाली, ‘‘अगं, तुझ्या तर अंगावरून जातं ना?’’ तर या म्हणतात, ‘‘जातं की! पण ते त्यांनी कुठं विचारलं?’’

आता असे शेकडो ‘नाही’ जमा झाले की त्यांचा तक्ता होतो. त्या तक्त्यावरून कुठेतरी लांब बसलेलं कुणी ठरवतं, की इथल्या बायकांना या बाबतीत काही त्रास नाही, पैसे दुसरीकडे वळवा. मला काळजी वाटते ती याची.

आणि हाच अभ्यास नीट केला तर काय होतं, तेही आपल्याच महाराष्ट्रात घडलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी घेऊन आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. त्या काळात गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे तिचं बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच जगाला दिसत होतं. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले. यापूर्वी त्यासाठी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गरोदर नसलेली बाईसुद्धा आजारी असते, हे जगाला आकड्यात सांगावं लागलं! बायका एकमेकींत ते कायम बोलतच होत्या, पण आपलं बोलणं कोण लिहून घेतो?

पदवीचा उपयोग मला दिसतो तो इथे. बायकांचं दुखणं तिथल्या विद्यापीठाने शोधून दिलं नाही. ते कसं मोजायचं, दुसऱ्याला नाकारता येणार नाही असं कसं मांडायचं, हे शिकवलं.

पुढे नवजात बाळांच्या बाबतीतही तेच. त्यांनी गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाचं वजन घेणं, त्याला उबेत ठेवणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून घरीच औषध देणं त्या शिकल्या. त्याआधी न्यूमोनियासाठी श्वास मोजायचं जे साधन त्यांनी बनवलं, ते मला फार आवडतं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोठे आकडे न येणाऱ्या सुईणीलाही जमावं असं. नवजात बाळांवर काम झालं त्या ३९ गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि २०११ पासून सरकारने घरोघरच्या नवजात बाळांची काळजी देशभरातल्या आशांकडे सोपवली. आपल्या सुनेच्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी दारात येणारी आशाताई येते ती यातूनच.

त्याच्याही आधी जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेही हॉपकिन्सचेच विद्यार्थी. १९७० मध्ये त्यांनी तिथे काम सुरू केलं. आधी शिकलेल्या नर्सेसना गावात ठेवून बघितलं, त्या टिकेनात. मग गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित बायकांना शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात जामखेडची नोंद झाली आणि १९७८ मध्ये अल्मा-आटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली. आज परदेशातली मुलं शिकायला जामखेडला येतात, आणि आपल्या मुलींना जामखेड म्हणजे बीडला जाताना लागणारं गाव, एवढंच माहीत असतं.

शेजारच्या बांगलादेशाचं तर आपण नावच घेत नाही. तिथल्या ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरांत जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आपल्याच स्वयंपाकघरातली मापं! गंमत म्हणजे कार्यकर्तीचा पगार किती घरं फिरली यावर नव्हता. नंतर जाऊन विचारल्यावर आईला किती आठवतं, यावर होता. आपल्याकडे शिबिरांचे फोटो बघून बिलं पास करणाऱ्यांनी हे जरा वाचावं. त्याच ब्रॅकच्या ढाक्यातल्या विद्यापीठात २००५ पासून सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी आहे. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती १९९७ पासून आहे, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पण लग्नाच्या स्थळाला सांगताना ढाका, तिरुवनंतपुरम जरा कमी पडतं, खरं ना?

पैशांचंही स्पष्ट बोलायला हवं. इंग्लंडातलं एक वर्ष फी आणि राहणं धरून तीस-चाळीस लाखांच्या घरात किंवा वर जातं. एजंट सांगतो, ‘‘यू.एन.मध्ये लागली की दोन वर्षांत फिटेल.’’ तो २०२५ मध्ये काय झालं ते सांगत नाही. जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटना सोडत असल्याचं कळवलं, परदेशी मदत थांबवली आणि १९६१ पासून चालू असलेली यू.एस.एड ही संस्था १ जुलैपर्यंत गुंडाळली. जगभर हजारो अनुभवी माणसं घरी बसली. नव्या मुलीला आता त्यांच्याच रांगेत उभं राहायचंय. घर गहाण ठेवण्याआधी शिष्यवृत्त्या बघा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग आहे. ती घेतली की दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं, जे मला तरी उत्तमच वाटतं. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आणि हो, ‘एवढ्या पैशांत लग्न झालं असतं’ हे वाक्य मात्र कृपा करून मध्ये आणू नका. मुलाच्या एम.एस.च्या वेळी कुणी लग्नाचा हिशेब काढत नाही.

राहिले ते सहा महिने. आशाताईला एका बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये मिळतात. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी मानधनासाठी संप केला आणि २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना पुरस्कार दिला. त्याचं नाव ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’! म्हणजे लाखो रुपये भरून मुलगी जे व्हायला निघालीय, ती बाई आपल्या गल्लीत सायकल ढकलत फिरते आहे. तिच्याबरोबर बेचाळीस दिवस एका बाळाच्या घरी जाऊन यावं. पाचव्या महिन्यात सासू सोनोग्राफीला का पाठवत नाही, लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच का राहतात, आणि कुठला प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला की बाई बोलती होते, हे वहीत लिहावं. अर्जाला जो निबंध लागतो त्यात ‘लहानपणापासून मला गरिबांची सेवा करायची होती’ हे वाक्य मग लागणार नाही.

आणि आईने फक्त एक अट घालावी. प्रबंध पुरा झाला की त्यातली दोन पानं मराठीत लिहायची, आणि ज्या बायकांनी उत्तरं दिली त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवायची. चहा त्या करतील.