प्रवर्ग-सिद्धांत आणि संगणकाचा विद्यार्थी

गणिताशी फारसे सख्य नसलेल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती प्रवर्ग-सिद्धांताचे, म्हणजेच कॅटेगरी थिअरीचे, पुस्तक पडले, तर बहुधा तो ते लवकरच मिटवून ठेवतो. यात दोष विद्यार्थ्याचा नव्हे, विषयाचाही नव्हे. तो उदाहरणांचा आहे. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅक लेन यांनी १९४५ साली हा सिद्धांत मांडला, तो टोपॉलॉजी व बीजगणित यांतील संबंध उलगडताना. साहजिकच पुस्तकांतील दाखलेही बहुतेक त्याच प्रांतांतले असतात. अपरिचिताच्या आधारे अपरिचिताची ओळख करून देण्याचाच हा प्रकार होय.

वस्तुतः आवश्यक ती सामग्री विद्यार्थ्यापाशी आधीच असते. हजेरी-क्रमांकावरून गुण देणारी एक कार्यपद्धती घ्यावी आणि गुणांवरून श्रेणी देणारी दुसरी. पहिलीपुढे दुसरी जोडली, की क्रमांकावरून थेट श्रेणी मिळते. श्रेणीवरून शेरा देणारी तिसरी पुढे जोडताना आधी पहिल्या दोन जोडल्या काय किंवा शेवटच्या दोन जोडल्या काय, फलित एकच. शिवाय मिळालेले जसेच्या तसे परत करणारी एक पद्धती प्रत्येक प्रकारासाठी असते. बेरजेत शून्याचे जे स्थान, तेच जोडणीत तिचे. पदार्थ, त्यांना जोडणारे बाण आणि जोडणीचे हे दोन नियम, एवढ्यानेच प्रवर्ग सिद्ध होतो.

आता ६० विद्यार्थ्यांची यादी घ्यावी. प्रथम सर्वांचे गुण काढून मग सर्वांच्या श्रेणी ठरविल्या, किंवा प्रत्येकाची श्रेणी एकाच फेरीत ठरविली, तरी उत्तर बदलत नाही. मधली गुणांची यादी मात्र वाचते. जोडणी अबाधित राखणाऱ्या अशा रूपांतरास फंक्टर म्हणतात.

एक अट येथे विसरता कामा नये. कार्यपद्धतीने वाटेत नोंदवहीत खाडाखोड केली वा काही छापले, तर हा निष्कर्ष तसाच लागू होत नाही. अशा परिणामांसह चालणाऱ्या आज्ञावलींचीही शिस्तशीर जोडणी कशी करावी, हे युजेनिओ मोग्गी यांनी १९८९ साली मोनाड या रचनेच्या साहाय्याने दाखविले आणि पुढे हॅस्केल या संगणकभाषेने ती रचना स्वीकारली.

अशा दाखल्यांनी विषय उथळ होतो, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु व्याख्या येथे तसूभरही सैल झालेली नाही. केवळ तिचे प्रवेशद्वार बदलले आहे. या दारातून आत आलेला विद्यार्थी पुढे बीजगणिताकडे स्वतःहून वळू शकेल. दाराशीच अडविलेला मात्र उच्च गणित आपल्यासाठी नाही, हीच समजूत जन्मभर बाळगील. ती हानी एकट्या विद्यार्थ्याची नव्हे, शास्त्राचीही आहे. म्हणून अध्यापकांनी आरंभ आज्ञावलीपासून करावा. टोपॉलॉजी मागाहून येईल.