उन्हाळ्यातले रान

कोकण पाहावे ते पावसाळ्यात, असे सगळेच म्हणतात. फुले पाहायची तर भाद्रपदात कास पठारावर जावे, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा ठरली त्यांत कास आहे. तेथे गर्दी होणारच. उन्हाळ्यातल्या डोंगराला मात्र आपण 'उघडाबोडका' म्हणून मोकळे होतो. वास्तविक दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्रा'चा आरंभ चैत्रापासूनच केला आहे. रान पाहायला शिकायचे तर ते याच दिवसांत, असे मला वाटते, आणि त्याला केवळ सौंदर्य हे एकच कारण नाही.

गेल्या चैत्राच्या अखेरीस लोणच्यासाठी हिरवी करवंदे काढायला आजीबरोबर गावामागच्या डोंगरावर गेले होते. उन्हे चढायच्या आत निघालो. वाट सोपी, चढ हलका. पऱ्ह्याला पाणी नव्हते, पण काठचा तामण जांभळ्या तुऱ्यांनी भरू लागला होता. तामण हे आपले राज्यपुष्प. एक मेच्या सुमारास ते बहरात असते. पण त्या दिवशी झेंडावंदन करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ते झाडावर पाहिले आहे? कुसुंबाची लाल पालवी हिरवी होऊ लागली होती. कुड्याला पांढरी फुले येत होती आणि बहाव्याचे पिवळे घोस दुरूनच दिसत होते. अंजनीची फुले तर शेंड्याला नव्हे, फांदीच्या अंगालाच चिकटून येतात. निळी लोकर गुंडाळावी तशी. मी प्रत्येकाचे नाव विचारत होते. आजी म्हणाली, "नावं काय विचारतेस, आधी पायाखाली बघ."

पायाखाली राख होती. वळणापुढची सगळी उतरण काळी पडली होती. अंजनीची अर्धी फांदी फुललेली आणि अर्धी करपलेली. "कुणाचा तरी राब सुटला," एवढेच आजी बोलली.

मला मात्र बोलवेना. दहा वर्षांची असताना याच उतरणीवरचे वाळलेले गवत आम्ही पोरांनी पेटवले होते. जाळले की पावसात गवत जोमाने येते, असे घरोघरी ऐकलेले. कोणी रागावलेही नव्हते. गवताची मुळे तगतात आणि नवे कोंब हिरवेगार दिसतात, हे खरेच आहे. पण जमिनीवर पडलेले बी जळते, हातभर वाढलेली रोपे जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. हे त्या वेळी कोणी सांगितले नाही. आज मी कॉलेजात शिकते. आता 'मला माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. तरीही वणवे लागतातच. म्हणून शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजणे ही आमची पोटाची गरज आहे. तो दुपारच्या वाऱ्यात न भाजता पहाटे भाजावा, भोवतीचा पालापाचोळा हातभर झाडून घ्यावा आणि विस्तव पूर्ण विझेपर्यंत तेथेच थांबावे, एवढे झाले तरी पुष्कळ. जुनी माणसे हे करीत. आता घरात तरणी माणसेच कमी, म्हणून घाई होते.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडणे असते, वृक्षारोपण असते. लावलेली रोपे उन्हाळ्यात जळणार असतील तर खड्डे खणून काय उपयोग? एखाद्या वर्षी वनखात्याच्या परवानगीने माघातच जाळरेषा काढायला जावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. आणि वार्षिक सहल एकदा तरी चैत्रात, पायी काढावी. जे रान आपण फुललेले पाहिले आहे, तेथे काडी ओढताना हात अडखळतो. निदान माझा तरी अडखळेल.

येत्या चैत्रात मी पुन्हा आजीबरोबर करवंदांना जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी पाण्याची बाटली घ्यावी आणि पायाखाली बघत चालावे.