सळईवरचे वशिंड

ब्राझीलमधील साव पावलो शहरात नोकरीनिमित्त गेलेले पुण्याचे एक मराठी कुटुंब तेथील एका 'शुरास्कारिया'त प्रथमच जेवायला बसले होते. शुरास्कारिया म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाची खाणावळ. वडिलांच्या कार्यालयातील सहकाऱ्यांचा आग्रह होता, तो मोडवला नाही इतकेच.

तेथील रीत अशी की, माणशी दर ठरलेला आणि खाण्याला मर्यादा नाही. टेबलावर एक चकती असते. तिची हिरवी बाजू वर असेपर्यंत वाढपी मांसाच्या सळया घेऊन येतच राहतात. लाल बाजू वर केली की थांबतात. दक्षिण ब्राझीलच्या गवताळ मुलखातील गाउचो गुराखी जाड मीठ लावून शेकोटीवर मांस भाजत. त्यांच्या त्या साध्या जेवणाचा हा शहरी, व्यापारी अवतार!

आई शाकाहारी. तिने भात, पामच्या झाडाचा कोवळा गाभा आणि चीज घातलेले गोल पाव घेतले. हे पाव कसाव्याच्या पिठाचे असतात. आपल्या एकादशीचा साबुदाणा बनतो तो याच कंदापासून, आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्या भूमीने आपल्याला उपवासाचा पदार्थ दिला. आपण तिला काय दिले, याचे उत्तर पुढच्याच सळईवर होते.

वाढपी म्हणाला, "कुपिम." दहा वर्षांच्या मुलीने समोरच्या कागदावर छापलेल्या जनावराच्या चित्रात तो शब्द शोधला आणि मानेमागच्या उंचवट्यावर बोट ठेवले. "बाबा, हे वशिंड आहे ना? आजोबांच्या सर्जाला होतं तसं?"

वडिलांनी चकती उलटून लाल बाजू वर केली. सांगोल्याच्या घरी बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होई. त्यांचे वडील खिल्लार बैलांच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळत, तेव्हा वाटी धरून उभा असलेला मुलगा ते स्वतःच होते. आणि "आता ट्रॅक्टर घ्या, बैल विकून टाका," असे फोनवरून सांगणारेही तेच होते.

युरोपातून गेलेल्या गुरांना वशिंड नसते. मग ब्राझीलमध्ये ते आले कोठून? भारतातून! आंध्रचे ओंगोल गोधन १९ व्या शतकापासून तेथे जाऊ लागले. नेल्लोरच्या नावावरून तेथे त्याला 'नेलोर' म्हणतात. गुजरातचे गीर आणि कांक्रेजही गेले. १९६० च्या सुमारास भावनगरच्या महाराजांकडील 'कृष्णा' नावाचा गीर वळू गेला. आज ब्राझीलमध्ये २३ कोटींहून अधिक गुरे आहेत, म्हणजे माणसांहूनही अधिक, आणि त्यांतील बहुसंख्य या भारतीय रक्ताची आहेत.

हे वाचून वाचकाचा संताप होईल, आणि तो स्वाभाविक आहे. ज्या खांद्याला आपण हळद लावतो, तो तेथे सळईवर चढतो. चराऊ कुरणांसाठी ॲमेझॉनचे अरण्य तुटते, तेही याच गुरांच्या पायांखाली. या गोष्टींचे समर्थन कोणी करू नये. परंतु संतापाने एक प्रश्न मात्र सुटत नाही : आपण काय केले?

ब्राझीलने उबेराबा हे गाव भारतीय गोवंशाची राजधानी केले. १९३० च्या दशकापासून वंशावळींच्या नोंदी ठेवल्या, प्रदर्शने भरवली, गीर गायींच्या दुधाची मोजदाद केली, निवडीने वाण सुधारले. २०२३ मध्ये एका नेलोर गायीचे मूल्य लिलावात सुमारे ४० लाख डॉलर ठरले. आपण मात्र त्याच दशकांत जर्सी आणि होल्स्टीनच्या संकराला विकासाचे दुसरे नाव दिले. दूध वाढले, हे खरे. पण आपल्याच गायीची निवड करून तिला वाढवण्याचा कष्टाचा मार्ग आपण सोडला. २०१९ च्या पशुगणनेत विदेशी व संकरित गुरे सुमारे २७ टक्क्यांनी वाढली, देशी ६ टक्क्यांनी घटली.

२०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन आले. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून घोषित केले. हे उचितच झाले. पण घोषणेने चारा मिळत नाही आणि हार घातल्याने वंशावळ नोंदली जात नाही. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ ही महाराष्ट्राची पाच नावे शहरातील किती सुशिक्षित घरांत मुलांना सांगता येतील? देशी गायीच्या दुधाला दोन रुपये अधिक मोजायची वेळ आली की किती गोभक्त मागे सरतात? बैल विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. बैल राखणे त्याला परवडेल असे करणे अवघड. आणि जे अवघड आहे, तेच खरे गोरक्षण!

त्या रात्री घरी परतल्यावर मुलीने सांगोल्याला फोन लावायला सांगितले. तिने विचारले, "आजोबा, सर्जा कुठे आहे?" आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाजारात गेला, बाळ."

ब्राझीलला वशिंडाची चव कळली. आपल्याला त्याचे मोल कळले होते. ते आपण विसरलो. चव घेणाऱ्यापेक्षा मोल विसरणाऱ्याचा अपराध लहान, असे कोणी म्हणू धजेल काय?