मुलीला ‘गटाराचं शिक्षण’?

मैत्रिणींनो, आपल्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं, हे घरातल्या पुरुषमंडळींना विचारून बघा. बहुतेकांना सांगता यायचं नाही. पाणी भरायचं, गाळायचं, तुरटी फिरवायची, पुरवून वापरायचं, हे सगळं बाईकडे. पण पाइपलाइन कुठून न्यायची, सांडपाण्याचं काय करायचं, हे जिथे ठरतं तिथे बाई क्वचितच दिसते. जागतिक बँकेने २०१९ साली २८ देशांतल्या ६४ पाणीपुरवठा संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या कर्मचाऱ्यांत बायका किती? शंभरात जेमतेम १८!

हा विषय आत्ताच का? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’चे रुग्ण एकदम वाढले. धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद गेली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे वळलं. पुण्याची ही गत, तर आपल्या छोट्या गावांचं काय?

या दूषित पाण्याचं मूळ पुष्कळदा सांडपाण्यात असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. शुद्धीकरणाची उभी असलेली यंत्रणा होती ३१,८४१ दशलक्ष लिटरची, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं फक्त २०,२३५. म्हणजे यंत्रणा निम्मीसुद्धा नाही, आणि आहे तीही पुरती वापरात नाही! कुठे घरातलं सांडपाणी केंद्रापर्यंत नेणारी वाहिनीच नाही, कुठे विजेचं बिल परवडत नाही, तर कुठे जाणती माणसं नाहीत. उरलेलं सगळं नदीत. आणि त्याच नदीवर खालच्या गावाचा पंप!

केंद्र चालवणं म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. आधी जाळीने कचरा अडवायचा, वाळू तळाशी बसू द्यायची. मग टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवायचे, ते घाण खातात. खाली बसलेल्या गाळातला काही भाग पुन्हा टाकीत सोडायचा. आपण विरजणापुरतं दही राखून ठेवतो ना, तस्संच! हवा कमी पडली की सगळं विरजण बिघडतं. हे नीट जमलं तर काय होतं, ते नागपूरने दाखवलंय. तिथे भांडेवाडीच्या केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. तेवढं चांगलं पाणी वाचतं.

आमच्या महिला मंडळातल्या एकीच्या लेकीने सिव्हिल इंजिनिअर झाल्यावर पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करायचं ठरवलं. आई मला म्हणाली, “ताई, गटाराचं शिक्षण घेऊन काय करायचं? स्थळवाल्यांनी विचारलं तर काय सांगू?” मला तिचा राग नाही आला. हे काम आपण पिढ्यान्पिढ्या काही जातींच्या माथी मारलं आणि वर त्यांनाच कमी लेखलं. मनातली ती अढी एका दिवसात कशी जाणार? पण पोटाचे आजार बरे करणारा डॉक्टर जावई म्हणून चालतो, आणि तो आजार होऊच न देणारी सून चालत नाही, हे कुठलं शहाणपण?

वाटा बऱ्याच आहेत. सिव्हिलच्या पदवीनंतर ‘गेट’ परीक्षा देऊन नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय किंवा आयआयटी इथे एम.टेक. करता येतं. ‘गेट’वर प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतनाची सोय आहे. रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या मुलींना पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. भूगर्भशास्त्रवाल्यांना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. संशोधनाची आवड असेल तर १९५८ पासून काम करणारी नागपूरची ‘नीरी’ आहे. शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठीही दार उघडं आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या किमान पाच बायकांना किट वापरून पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे.

सगळं गोडगोड आहे असं मात्र नाही. पुष्कळ नोकऱ्या कंत्राटी असतात, केंद्र गावाबाहेर, त्यात रात्रपाळी. बायकांसाठी स्वच्छतागृह असेलच असं नाही. म्हणून मुलीला घरी बसवायचं की त्या सोयी मागायच्या? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत. तेव्हा आपल्या वॉर्डातली नगरसेविका हळदीकुंकवाला भेटली की वाण घ्या, तिळगूळ द्या आणि दोन प्रश्न जरूर विचारा. आपल्या गावाचं सांडपाणी जातं कुठे? आणि तिथे कामाला मुली किती आहेत?