डबा शोधायला यंत्र कोणते?

२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएस संकेतांतील मुद्दाम ठेवलेली चूक काढली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. हाच जिओकॅशिंगचा आरंभ. उटनूरच्या डोंगरांत हा खेळ खेळायचा तर फोन कुचकामी, असे काही मित्र म्हणतात. हे पटत नाही. रेंज गेली तरी फोनला स्थान उपग्रहांकडूनच कळते. नकाशा तेवढा आधी उतरवून ठेवावा. हातातल्या जीपीएस यंत्राचा खरा गुण निराळा: ते पाऊस-धक्के सोसते, पुष्कळांचे सेलही बदलता येतात. तेव्हा विद्यार्थ्याने पदरमोड करू नये. महाविद्यालयाने सहलीसाठी एक यंत्र घ्यावे. वाट शोधण्यातच फोनची बॅटरी संपली, तर अडचणीत हाक कशाने मारणार?