फटका मनगटाचा, कसोटी खांद्याची

पक्षाघातानंतर उजवा हात लुळा पडलेले एक काका माझ्याकडे व्यायामाला येतात. फळीवरच्या डब्याला हात लावा म्हटलं, की आठव्या खेपेलाच ‘बाई, आज पुरे’ म्हणतात. तेच टीव्हीसमोर बसवून टेनिस लावलं, समोर नात असली, की घाम निथळेपर्यंत थांबत नाहीत. फिजिओथेरपीत मोल असतं ते खेपांना. म्हणून २००६ साली बाजारात आलेलं निन्टेन्डो वी हे व्हिडिओ गेमचं यंत्र मी अजून जपून ठेवलंय.

पण खेळ चालू असताना काकांच्या खांद्यावरचा माझा हात निघत नाही. हातात धरलेल्या रिमोटला झटका कळतो. तो खांद्यातून आला की नुसत्या मनगटातून, हे कळत नाही. पडद्यावरचा खेळाडू आपोआप धावतो, आपण फक्त फटका मारायचा. मग काका खांदा कानापर्यंत उचलतात, कमरेतून झुकतात आणि गुण जिंकतात. जी सवय मी महिनाभर मोडू बघतेय, तिलाच यंत्र शाबासकी देतं! बोलिंगमध्ये वेगळीच अडचण. चेंडू सुटायला दाबलेलं बटण सोडावं लागतं आणि ताठरलेल्या बोटांना नेमकं सोडणंच जमत नाही.

२०१० साली आलेला मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा रिमोटशिवाय अख्खं शरीर बघायचा, वीस सांधे टिपायचा. बोटं मात्र त्याच्या हिशेबात नव्हती. २०१७ मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं.

२०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त एक अभ्यास आला. कॅनडासह चार देशांतले १४१ रुग्ण. नेहमीच्या उपचारांना काहींना वीची जोड दिली, काहींना पत्ते, जेंगा अशा साध्या खेळांची. हात दोन्हीकडे सारखेच सुधारले. मला या निकालाने फार बरं वाटलं. महागडं यंत्र परवडलं नाही म्हणून बाबा मागे राहिले, ही रुखरुख कुठल्याच घराला लागायला नको. यंत्र घेण्यासाठी कर्ज काढायला निघालेल्या मुलांना मी स्पष्ट नको म्हणते.

काकांच्या घरी आता रोज संध्याकाळी पत्त्यांचा, सात-आठचा डाव असतो. पानं त्यांनीच वाटायची, उजव्या हाताने. पान बोटांतून लवकर सुटत नाही. नात हात पुढे न करता थांबून राहते.